काळी प्रिंट

वहीची सुरुवातीची बरीच पानं एकमेकांना चिकटलेली आहेत. 26 जुलै 2005 ला उल्हास नदीचं पाणी बदलापूर पश्चिमेत शिरलं, तेव्हा ती आमच्या बदलापूरकर मित्राच्या घरी कॉटखालच्या ट्रंकेत होती. चार दिवसांनी ट्रंक उघडली तर आतले कपडे कुजलेले आणि वही फुगून दुप्पट झालेली. त्याने ती फेकली नाही. जी पानं सुटली ती एकेक करून पंख्याखाली वाळवली. निळी शाई पसरली होती, पण बॉलपेनने लिहिलेलं टिकलं होतं. म्हणून 1991 ची पहिली यादी आजही वाचता येते: एक, हॅलोवीन. दोन, पुराना मंदिर. तीन, नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट. चार, फ्रायडे द थर्टीन्थ.

आम्ही चौघं. मी अंबरनाथचा, वडील विम्कोच्या काडेपेटी कारखान्यात. एकाचे वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत, तो क्वार्टर्समध्ये राहायचा. एक बदलापूरचा. आणि एक उल्हासनगर कॅम्प चारचा सिंधी, आमच्या तिघांइतकंच चोख मराठी बोलणारा. स्लॅशर हा शब्द तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हता. आम्ही असल्या सिनेमांना मर्डरवाले पिक्चर म्हणायचो. गणपतीत किंवा मे महिन्यात चाळीतले लोक वर्गणी काढून रात्रभरासाठी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचे. तीन हिंदी कॅसेटी सगळ्यांसाठी. चौथी आमची. पहाटे अडीचच्या सुमाराला मोठी माणसं पेंगायला लागली की ती लागायची.

यादीचं मतदान काड्यांवर चालायचं. विम्कोमुळे आमच्या घरी काडेपेट्यांना तोटा नव्हता. प्रत्येकाला दहा काड्या, कॅरम बोर्डावर पिक्चरांच्या नावाच्या चिठ्ठ्या, आणि ज्याला जेवढ्या वाटतील तेवढ्या काड्या त्याने त्या त्या चिठ्ठीवर ठेवायच्या. ठेवताना कारण सांगायचं, ही अट. कारण पटलं नाही तर इतरांना वाद घालायचा हक्क. एकेका यादीला दोन-दोन तास लागायचे.

ती यादी का तशी लागली, हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली. कॅसेट आणायला गेलं की पहिला प्रश्न एकच असायचा: प्रिंट कशी आहे? आमच्या वाट्याला यायची ती कॉपीची कॉपी, तिचीही कॉपी. कॅसेटवरून कॅसेट भरताना दर वेळी थोडं चित्र गळतं. रंग तर व्हीएचएसवर मुळातच ढोबळ नोंदले जातात, त्यात लाल सगळ्यात आधी फुटतो, कडेबाहेर वाहतो. अंधार घट्ट होत जातो, आणि तिसऱ्या-चौथ्या कॉपीत रात्रीचा प्रसंग म्हणजे नुसता काळा पडदा उरतो. आम्ही त्याला काळी प्रिंट म्हणायचो. हेड साफ करायला स्पिरिटचा बोळा फिरवायचो, ट्रॅकिंगचं बटण पिळत बसायचो. पट्टे जायचे, काळोख जायचा नाही.

आवाज मात्र बराच टिकायचा. जॉन कार्पेंटरने 1978 साली हॅलोवीन जेमतेम 3 लाख डॉलरांच्या आसपास बनवला, आणि पैसे वाचवायला संगीतही स्वतःच दिलं. पियानोवरची ती धून पाच मात्रांची आहे. चारची सवय असलेल्या कानाला दर वेळी एक पाऊल जास्त पडल्यासारखं वाटतं, कुणीतरी मागून चालत येतंय आणि आपल्या पावलाशी त्याचं पाऊल जुळत नाही तसं. आमच्या कॅसेटवर खुनी मायकल मायर्स दिसायचा कमी, पण ही धून खणखणीत ऐकू यायची. काळ्या पडद्याकडे बघत आम्ही चौघं चादरीत गुरफटून बसायचो. त्या सिनेमात रक्त फारच थोडं आहे. त्यामुळे कॉपीत हरवण्यासारखंही थोडंच होतं.

फ्रायडे द थर्टीन्थचं नेमकं उलट. 1980 च्या त्या सिनेमाची सारी मदार टॉम सॅव्हिनीच्या रंगभूषेवर, कापल्या-भोसकल्याच्या कारागिरीवर. आमच्याकडे ती लाल चिखल होऊन पोचली. एल्म स्ट्रीटच्या फ्रेडीचा लाल-हिरव्या पट्ट्यांचा स्वेटर वेस क्रेव्हनने मुद्दाम निवडला होता, शेजारी शेजारी ठेवले की डोळ्यांना सहन होत नाहीत असे दोन रंग म्हणून. आमच्या टीव्हीवर तो अख्खा तपकिरी होता. म्हणजे आम्ही जी क्रमवारी लावत होतो, ती त्या दिग्दर्शकांच्या सिनेमांची नव्हतीच. कॉपीत तगून राहिलं त्याची होती.

मग पुराना मंदिर दुसरा कसा? त्यावर त्या रात्री सर्वांत जास्त भांडण झालं. ऑर्डनन्सवाल्याचा नियम पक्का होता: मारणारा एक, मरणारे अनेक, वाचणारी एक, आणि मारणारा दारातून आला पाहिजे, शापातून नाही. सामरी तर राजाने मुंडकं उडवलेला सैतान. त्याच्या शापाने घराण्यातल्या बायका बाळंतपणात मरतात. मग हा मर्डरवाला पिक्चर कसा? कॅम्पवाला म्हणाला, "तू नियम लाव. मी काड्या लावतो." आणि त्याने दहाच्या दहा काड्या पुराना मंदिरवर ठेवल्या.

त्याच्यासाठी पुराना मंदिर बनवणारे रामसे म्हणजे घरची माणसं. फतेहचंद यू. रामसिंघानी यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. इंग्रज गिऱ्हाइकांना आडनाव उच्चारता येईना म्हणून त्याचं रामसे झालं. फाळणीनंतर ते मुंबईला आले. त्याच लाटेत हजारो सिंधी कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरली. 8 ऑगस्ट 1949 ला सी. राजगोपालाचारींनी तिथे कोनशिला बसवली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. कॅम्पवाल्याचं घरही मूळचं कराचीचंच, बोटीही कदाचित त्याच. पुढे रामशांचा 1970 चा एक नन्ही मुन्नी लडकी थी पडला, पण पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा चढवून चोरी करतात त्या प्रसंगाला लोक येतायत, हे त्यांच्या मुलांच्या ध्यानात आलं. दोन वर्षांनी दो गज जमीन के नीचे. मुलगे सात. तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्याला, कुमार लिहायला, किरण आवाजाला, अर्जुन संकलनाला, केशूही सोबत. महाबळेश्वरला बसने जायचं, सगळ्यांनी एकत्र राहायचं, घरच्यांनी स्वयंपाक करायचा आणि सिनेमा उरकून परतायचं. कॅम्पातलं कुठलंही घर असंच चालायचं: एक भाऊ कापतो, एक शिवतो, एक काजं करतो, एक माल घेऊन मार्केटला जातो. आज मी मान्य करतो की कॅम्पवाल्याचं कारण पक्कं होतं. शिवाय गंगू रामसे निळ्या-लाल दिव्यांचा झोत असा भडक टाकायचे की चौथ्या कॉपीतही सामरीचं तोंड लख्ख दिसायचं.

1993 चं पान पाण्यात गेलं. पण ते मला तोंडपाठ आहे, कारण त्या वर्षी मी माझ्या सगळ्या काड्या झपाटलेलावर ठेवल्या आणि तिघांनी मला वेड्यात काढलं. महेश कोठारेंचा सिनेमा विनोदी, लक्ष्या आहे, गाणी आहेत, असं त्यांचं म्हणणं. 1988 च्या चाइल्ड्स प्लेवरून घेतलाय, हेही. घेतलाय खरा. पण त्यातला बाहुला चकी हे विकत आणलेलं खेळणं होतं. झपाटलेलातला तात्या विंचू आला तो अशा प्रेक्षकांपुढे, ज्यांनी बोलका बाहुला पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा म्हणून पाहिलेला. यशवंत पाध्यांचा अर्धवटराव सगळ्या महाराष्ट्राचा लाडका, आणि तात्या विंचूचा बाहुला केला त्यांच्याच मुलाने, रामदास पाध्यांनी. ज्या हातांनी घराघराला हसवलं, त्याच हातांच्या बाहुल्याने रात्री पलंगावर चढावं, ही भीती अमेरिकेतून आणता येत नाही. माझ्या धाकट्या बहिणीने त्यानंतर आपली बाहुली महिनाभर पिंपात ठेवली, झाकणावर पाटा ठेवून. आपल्या मराठी सिनेमाने या प्रकारात इतकं अस्सल दुसरं काही केलेलं नाही, असं मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. 2013 चा त्रिमितीतला दुसरा भाग त्या उंचीला पोचला नाही, याचं मला खरोखर वाईट वाटलं.

नोकऱ्या लागल्यावर वाद कर्जत लोकलमध्ये गेला. संध्याकाळच्या गाडीत एका टोकाला भजनी मंडळ, दुसऱ्या टोकाला आम्ही. विठ्ठलवाडीला कॅम्पवाला उतरायचा, अंबरनाथला आम्ही दोघं, आणि बदलापूरकर एकटा उरायचा, म्हणून निकाल लिहायचं काम त्याच्याकडे. व्हीसीडी आल्या होत्या. त्यातच स्क्रीम हाती लागला, 1996 चा. त्याच्या सुरुवातीलाच फोनवरचा खुनी मुलीला विचारतो: फ्रायडे द थर्टीन्थमध्ये खुनी कोण? ती म्हणते, जेसन. उत्तर चूक. पहिल्या भागात खुनी जेसनची आई आहे. जेसन हातात हत्यार घेतो दुसऱ्या भागापासून, आणि तो प्रसिद्ध हॉकीचा मुखवटा चढवतो तिसऱ्यात, 1982 साली.

आम्ही चौघंही चुकलो होतो. आमच्या कॅसेटच्या शेवटावर कुणीतरी क्रिकेटची मॅच भरली होती. तिसरा भाग आधी पाहिला असल्यामुळे जेसनच असणार, असं धरून आम्ही सहा-सात वर्षं वाद घातला, यादीत खाली ढकलला, त्यावर अबोला धरला. ज्या आईने मुलाच्या दुःखाने सगळ्या छावणीचा सूड उगवला, तिला आम्ही पाहिलंच नव्हतं. पुढच्या शनिवारी अख्खा सिनेमा आणून पाहिला. त्या आठवड्याच्या यादीत तो चौथ्यावरून दुसरा आला. वहीत त्यापुढे बदलापूरकराने लिहिलंय: आईमुळे.

2003 साली तर लोंढा आला. स्क्रीमवरून श्श्श, आय नो व्हॉट यू डिड लास्ट समरवरून कुछ तो है, श्याम रामसेंचा धुंद, आणि तिकडे अमेरिकेत फ्रेडी व्हर्सेस जेसन. हिंदीतल्या तिघांना मिळून दोन काड्या पडल्या. त्याआधी 1994 चा महाकाल, रामशांनी फ्रेडीला दिलेला हिंदी अवतार, त्याला मात्र कॅम्पवाल्याने न चुकता काड्या ठेवल्या.

पण पहिल्या यादीनंतर त्याचा एक नंबर कायम एल्म स्ट्रीट राहिला. का, विचारलं की तो म्हणायचा, बाकीच्यांपासून पळता येतं, हा झोपेत येतो. आम्हाला ते कारण वरवरचं वाटायचं. मग केव्हातरी वाचनात आलं की क्रेव्हनला ही कल्पना वर्तमानपत्रातल्या बातम्यांवरून सुचली. आग्नेय आशियातल्या युद्धातून निसटून अमेरिकेत आलेल्या निर्वासितांमधले काही जण दुःस्वप्नांच्या भीतीने झोपायला तयार नसत, आणि झोपेतच मरण पावत. मी ते गाडीत सांगितलं. कॅम्पवाला विठ्ठलवाडीला उतरलाच नाही. अंबरनाथपर्यंत आला, माझ्याबरोबर फलाटावरच्या बाकावर बसला.

त्याची अम्मा कराचीहून आली तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला आम्ही सगळे ओळखायचो, तिच्या हातची दाल पकवान खाल्लेली. तिच्या खोलीतला दिवा रात्रभर जळायचा हे आम्हाला माहीत होतं. बराकीतलं घर, खोल्या सलग, म्हणून तो दिवा सगळ्यांच्या डोळ्यांवर यायचा. तिने कधीच कारण सांगितलं नाही. डोळा लागला की दचकून उठायची, कडी बघून यायची, पुन्हा बसायची. "आपण चौघं ती कॅसेट बघत होतो ना आमच्याकडे," तो म्हणाला, "अम्मा आत जागीच होती. तिला वाटायचं आपण तिच्या सोबतीला जागतोय." त्या आठवड्याला यादी झाली नाही.

डिसेंबर 2018 मध्ये तुलसी रामसे गेले, सप्टेंबर 2019 मध्ये श्याम. त्या दिवाळीत आम्ही बदलापूरकराच्या नव्या फ्लॅटवर जमलो, पाचव्या मजल्यावर. वही टेबलावर होती. कॅरम बोर्ड नव्हता, काड्या मी घरून नेल्या होत्या. आधी पुराना मंदिर लावला, मग त्याच्या मुलीने मोठ्या टीव्हीवर हॅलोवीन लावला, नव्याने साफ केलेली प्रत. अंधारात इतक्या छटा असतात हे मी पन्नाशीला आल्यावर पाहिलं. झाडांची पानं दिसत होती. घरांची कौलं दिसत होती.

शेवटाकडे एक प्रसंग आहे. नायिका लॉरी दाराशेजारी भिंतीला टेकून रडतेय. तिच्या मागे उघडं दार, आत काळोख. आमच्या कॅसेटवर तिथे काळोखच होता, जवळजवळ तीस वर्षं. या प्रतीत त्या काळोखातून हळूहळू, उजाडावं तसा, पांढरा मुखवटा वर आला. कॅमेरामन डीन कंडीने मुखवट्यावरचा बारीक दिवा हलकेच वाढवत नेला होता. तिला माहीत नाही, आणि तो तिथेच उभा आहे. ऑर्डनन्सवाल्याने माझा दंड धरला. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला तर हा पाठ आहे ना?" बदलापूरकराने रिमोट घेतला, मागे नेलं, पुन्हा लावलं. पुन्हा मागे नेलं.

मग काड्या वाटल्या. आम्ही तिघांनी हॅलोवीनवर ठेवल्या, जितक्या ठेवता येतील तितक्या. कॅम्पवाल्याने चिठ्ठ्या एकदा सरळ केल्या, दहा काड्या मोजल्या आणि एल्म स्ट्रीटवर ठेवल्या. बदलापूरकराने बॉलपेन उघडलं आणि वर्ष टाकलं.