जुने दुखणे आणि पायलटचे मेडिकल

मुलाने पायलट व्हायचे म्हटले की घरात पहिला विषय फीचा निघतो. लहानपणी आकडी आली होती, मधे क्षयाची औषधे चालू होती, हे कुणाला तरी उशिरा आठवते आणि तेही हळू आवाजात. खरे तर फीच्या आधी हेच बोलायला हवे.

भारतात वैमानिकाची वैद्यकीय पात्रता डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ठरवते. स्टुडंट पायलट लायसन्सला क्लास टू मेडिकल लागते, व्यावसायिक लायसन्सला क्लास वन. पहिल्याला किमान वय 16, दुसऱ्याला 18. आधी डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे क्लास टू करायचे, मग क्लास वन. यादीतला डॉक्टर तपासतो आणि अहवाल पाठवतो, पात्रतेचा निर्णय डीजीसीएचा वैद्यकीय विभाग घेतो. त्यामुळे ओळखीचे डॉक्टर ‘काही होत नाही’ म्हणाले, याला फारसा अर्थ नाही.

निकषांचा पाया आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पहिल्या परिशिष्टात आहे. आजार किती मोठा होता, यापेक्षा तो हवेत अचानक माणसाला निकामी करील का, हे तिथे पाहिले जाते. म्हणून निकाल कधी कधी उलटा वाटतो. अपेंडिक्सचे ऑपरेशन होऊन जखम नीट भरली असेल, तर सहसा अडत नाही. पण शाळेच्या प्रार्थनेत एकदा शुद्ध हरपली आणि का हरपली ते कुणीच शोधले नाही, तर फाइल तिथेच थांबू शकते. रक्त काढताना सुई बघून आलेली घेरी वेगळी, कारण न कळलेली बेशुद्धी वेगळी. दुसऱ्या प्रकारात न्यूरॉलॉजिस्ट आणि हृदयविकारतज्ज्ञ यांचे म्हणणे, ईसीजी, गरज पडल्यास ईईजी, हे सगळे मागितले जाते. अपस्माराचे निदान झालेले असेल, तर मात्र दार जवळजवळ बंद समजावे.

छातीचे दुखणे हवेच्या दाबाशी जोडलेले आहे. सुमारे 18,000 फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या निम्मा होतो, आणि शरीरात अडकलेली हवा त्या प्रमाणात फुगते. उंच, सडपातळ मुलांमध्ये कधी कधी आपोआप फुप्फुसाबाहेर हवा साठते. हा प्रकार पुन्हा होण्याची शक्यता असते, म्हणून आज मुलगा ठणठणीत असला तरी परीक्षक त्यावर अडून बसतात. क्षयाचे तसे नाही. चालू क्षय अपात्र ठरवतो, बरा झालेला क्षय ठरवेलच असे नाही. मात्र उपचार पूर्ण झाल्याचा कागद आणि जुने, नवे एक्स-रे जवळ हवेत. मूतखड्याला परीक्षक घाबरतात ते त्याच्या कळेमुळे. चष्म्याची धास्ती मात्र उगीच घेतली जाते: क्लास वनला चष्म्यासह प्रत्येक डोळ्याची नजर 6/9 आणि दोन्ही मिळून 6/6 भरली तर चालते. फक्त चष्मा लावूनच उडायचे आणि जादा जोड हाताशी ठेवायचा.

दम्यात आणि नैराश्यात आजाराइतकेच औषधही तपासले जाते. म्हणून काहींना वाटते, तपासणीच्या आधी गोळी बंद करावी. हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. गोळी सोडण्याचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा, आणि तो मेडिकलच्या तारखेकडे बघून घ्यायचा नसतो.

लपवण्याचा मोह होतो, कबूल. पण क्षयाचा व्रण एक्स-रेत दिसतो, टाक्यांची खूण पोटावर असते, आणि अर्जातल्या प्रकृतीच्या माहितीखाली सही आपली असते. खोटे पुढे कधी उघड झाले, तर तोवर मिळवलेले लायसन्सच धोक्यात येते. त्यापेक्षा डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचा तपशील, तज्ज्ञाचे ताजे पत्र तारखेनुसार लावून न्यावे. पत्रात ‘फिट आहे’ एवढेच नको. निदान, उपचार कधी संपले, नंतर त्रास झाला का आणि पुन्हा होण्याची शक्यता किती, हे त्यात हवे.

‘तात्पुरता अपात्र’ असा शेरा आला तर घरी सुतक धरू नये. त्यात मुदत दिलेली असते. तेवढ्यात सांगितलेल्या तपासण्या करून पुन्हा जायचे. ‘कायमचा अपात्र’ हा शेरा गंभीर, पण त्यावरही फेरविचार मागता येतो.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. अमेरिकेचे मेडिकल तिथे उडायला पुरते. परत येऊन भारतीय व्यावसायिक लायसन्स घ्यायचे, तर डीजीसीएचे क्लास वन लागतेच. ते निघण्यापूर्वीच हातात असावे, निदान जुन्या दुखण्याच्या बाबतीत तरी.