पोळी-दूध बंद करून पाहायचं असेल तर

(नागपुरात पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचा एक प्रश्न घेतला आहे.)

तुमच्यापैकी बरेच जण ज्या प्रश्नासाठी आला आहात, तो सरळच घेतो. मुलाला ऑटिझम आहे असं कळलं की महिन्याभरात कोणीतरी सांगतंच: गहू बंद करा, दूध बंद करा, मूल बोलायला लागेल. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. फक्त स्वयंपाकघर त्याला सांभाळायचं नसतं.

आधी यामागची कल्पना बघू. गव्हात आणि जवात ग्लूटेन हे प्रथिन असतं, दुधात केसीन. पचताना यांचे बारीक तुकडे होतात आणि त्यातल्या काही तुकड्यांचं वागणं अफूतल्या द्रव्यांसारखं असतं. नॉर्वेचे संशोधक राइखेल्ट यांचं म्हणणं होतं की ऑटिझम असलेल्या मुलांच्या लघवीत हे तुकडे जास्त सापडतात; म्हणजे आतड्यातून ते रक्तात आणि तिथून मेंदूत जात असणार. ऐकायला पटतं. पण 2008 मध्ये ब्रिटनमध्ये ऑटिझम असलेल्या आणि नसलेल्या मुलांची लघवी जास्त नेमक्या यंत्रांनी तपासली, तेव्हा हे तुकडे सापडलेच नाहीत.

कल्पना चुकली तरी आहार उपयोगी पडू शकतो, नाही का? म्हणून प्रयोग बघायचे. 2002 मध्ये नॉर्वेत 20 मुलांवर वर्षभर प्रयोग झाला. आहार पाळणाऱ्या मुलांत सुधारणा दिसली, पण कोण आहारावर आहे हे आईवडिलांना माहीत होतं. 2016 मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे 14 लहान मुलांना आधी काही आठवडे कडक आहारावर ठेवलं. मग अधूनमधून एक खाऊ दिला. कधी त्यात ग्लूटेन, कधी केसीन, कधी दोन्ही, कधी काहीच नाही. त्या दिवशी खाऊत काय आहे हे आईवडिलांना माहीत नाही, निरीक्षकांनाही नाही. झोप, शौच, लक्ष, वागणं, कशातच फरक दिसला नाही. मुलं थोडी होती, हे खरं. पण ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनेही 2013 मध्येच सांगितलं आहे की ऑटिझमच्या मूळ लक्षणांसाठी असा आहार वापरू नये.

मग ‘आमच्या शेजारच्या मुलाला फरक पडला’ म्हणतात, ते खोटं बोलतात का? अजिबात नाही. मूल वाढत असतं, थेरपी चालू असते, सहा महिन्यांत काहीतरी बदलतंच. शिवाय पोटाचं बघा. दिवसभर दुधाच्या बाटलीवर राहणाऱ्या मुलाला बद्धकोष्ठ होतो, रक्तात लोह कमी पडतं. बोलता न येणारं मूल पोट दुखतं हे सांगणार कसं? ते डोकं आपटतं, रात्री उठतं. दूध कमी झालं, पोट साफ झालं की मूल शांत होतं. हा फायदा खराच आहे, पण तो पोटाचा आहे. त्यासाठी बद्धकोष्ठावर उपचार करा, हिमोग्लोबिन तपासा. पोळीचा तिथे काय संबंध?

आता किंमत. यातली बरीच मुलं मोजकेच पदार्थ खातात: पोळी, दूध, वरण-भात, एका ठरावीक कंपनीचं बिस्किट. त्यातले तीन काढले तर उरलं काय? चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला 550 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. कपभर, म्हणजे 200 मिलिलिटर दुधातून साधारण 240 मिळतं. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात 350च्या आसपास असतं, पण तेवढी नाचणी मूल खाणार आहे का? अंडं-मांस न खाणाऱ्या घरात बी-12 येतं ते बहुतेक दुधातूनच. हे हिशेब आहारतज्ज्ञाबरोबर बसून आधी करायचे, आहार सुरू झाल्यावर नाही.

तरीही करून पाहायचंच असेल, तर चाचणीसारखं करा. पहिली गोष्ट, गहू बंद करण्याआधी सीलिअॅकची रक्ततपासणी. गहू बंद झाल्यावर ती तपासणी फसवी येऊ शकते, आणि तो आजार असेल तर गहू जन्मभर सोडावा लागतो. दुसरं, आधी दोन आठवडे नुसती नोंद: किती वेळा उठला, शौच कसं, किती वेळा चिडला. ‘बरा वाटतो’ ही नोंद नव्हे. तिसरं, एका वेळी एकच बदल. आधी दूध, चार-सहा आठवडे. त्या काळात नवी थेरपी नाही, नवं औषध नाही. आणि मे महिन्यात तर सुरूच करू नका. शाळा बंद, पारा पंचेचाळीसला. आपल्या नागपुरात तेव्हा कोणाचं मूल नीट झोपतं?

ज्वारीची भाकर, भात, पोहे, साबुदाणा हे सगळं चालतं, त्या मानाने आपण सुखी. पण रवा, शेवया, दलिया हा गहूच. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. माल्टच्या पावडरीत जव. संत्रा बर्फीत खवा. चक्कीवर गव्हावर ज्वारी दळली तर गहू थोडा येणारच; सीलिअॅक असेल तर तेवढाही चालत नाही.

शेवटी उलट तपासणी, हीच लोक करत नाहीत. (दुधाची अॅलर्जी असेल तर मात्र हे घरी करायचं नाही.) एकाने डोशाच्या पिठात काही दिवस दुधाची पावडर घालायची, काही दिवस नाही, आणि चिठ्ठी लिहून ठेवायची. नोंद दुसऱ्याने करायची, त्याला चिठ्ठी दाखवायची नाही. थेरपिस्टलाही सांगायचं नाही. तीन आठवड्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवा. फरक नसेल तर दूध पुन्हा सुरू.

प्रश्न: सर, आम्ही सगळं पाळतो, पण आजी लपून बिस्किट देतात. आता काय करायचं?

उत्तर: आजींवर रागावू नका. त्यांनी दिलं की त्यांनाच वहीत वेळ लिहायला सांगा, ओरडणार नाही असं कबूल करून. तीन वाजता बिस्किट, आणि तुम्हाला माहीत नसताना तुम्ही संध्याकाळी ‘आज छान होता’ लिहिलंत, असं चार-पाच वेळा झालं, तर तुमची चाचणी आजींनीच पूर्ण केली म्हणायची.