कयाकमागं लहान लुअर ओढून मासेमारी : ट्राउटचं तंत्र, आपलं पाणी आणि आधी घ्यायची काळजी

इंदूर (सियागंज) : ‘ट्रोलिंग’ म्हटलं की आपल्याला आधी फेसबुकवरची टिंगल आठवते. पण मासेमारीत या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. चालत्या होडीमागं दोरीला लुअर, म्हणजे खोटं आमिष, बांधून ते पाण्यातून ओढत नेणं म्हणजे ट्रोलिंग. समुद्रात ट्रॉलर मोठं जाळं ओढतो ते ‘ट्रॉलिंग’ निराळं. इथं जाळं नसतं. एक दोरी, एक गळ आणि एका वेळी एक मासा.

विषय निघाला तो सियागंजात. रेल्वे स्टेशनला लागून असलेल्या या ठोक बाजारात किराण्यापासून हार्डवेअरपर्यंत सगळं मिळतं. रावेर-बऱ्हाणपूरकडचे दुकानदार माल भरायला इथं येतात, तसा मीही आलो होतो. शेजारी एक पोरगा नायलॉनची दोरी आणि स्टीलच्या कड्या घेत होता. मूळचा रावेर तालुक्याचा, नोकरीला इंदुरात. मराठी ऐकून त्यानं विचारलं, “काका, हनुवंतियाला कयाक घेऊन गेलो तर ट्राउट लागेल का?” परदेशातले व्हिडिओ पाहून त्यानं ठरवलं होतं. असा प्रश्न पडणारे आणखीही असतील, म्हणून जरा सविस्तर.

ट्राउट इथं का नाही?

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. साधारण १० ते १८ अंश तापमानात तो खूश असतो. पाणी २० अंशांच्या वर गेलं की त्याला त्रास होतो आणि २५ च्या आसपास जगणं अवघड होतं. आपल्याकडं मे महिन्यात जलाशयाचं वरचं पाणी याच्या बरंच पुढं जातं. भारतात ट्राउट आणला तो इंग्रजांनी. १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये, पुढं कुल्लूकडं आणि दक्षिणेत निलगिरीत. त्यामुळे ट्राउटच हवा असेल तर हिमाचल किंवा काश्मीर गाठावं लागेल, तिथला परवाना काढावा लागेल. तंत्र मात्र इथंही शिकता येतं.

तंत्र काय आहे?

पहिली गोष्ट वेग. लहान लुअरसाठी ताशी २ ते ४ किलोमीटर पुरे, म्हणजे माणूस रमतगमत चालतो तेवढा. कयाक वल्ह्यानं याच वेगात आरामात जाते आणि इंजिनाचा आवाज नसतो, म्हणून ती या कामाला सोयीची. बहुतेक नवखे जोरात वल्हवतात. मग लुअर डुलण्याऐवजी गरगर फिरतं आणि दोरीला पीळ पडतो. लुअर सोडण्याआधी ते कयाकच्या कडेला धरून थोडं वल्हवून पाहा. जखमी माशासारखं लडखडत असेल तर वेग बरोबर. दोरी आणि लुअर यांच्यामध्ये फिरती कडी, म्हणजे स्विव्हल, लावली की पीळ कमी पडतो.

दुसरी गोष्ट अंतर आणि खोली. लुअर २ ते ५ सेंटिमीटरचं, वजन २ ते ७ ग्रॅम. ते कयाकपासून २० ते ३० मीटर मागं ठेवतात. दोरीवर २५ मीटरला मार्करनं खूण करा, अंदाज चुकत नाही. एवढं हलकं लुअर बहुधा एक-दोन मीटरपेक्षा खोल जात नाही. सकाळी मासा वर असतो तेव्हा ते चालतं. ऊन वाढलं की मासा खाली जातो, मग दोरीला शिशाचे छोटे मणी लावावे लागतात.

तिसरी गोष्ट वळण. सरळ रेषेत जाऊ नका, नागमोडी जा. बाहेरच्या बाजूचं लुअर वळणावर वेग घेऊन वर येतं, आतल्या बाजूचं मंदावून खाली बसतं. मासा कोणत्या वळणावर लागला हे लक्षात ठेवा, त्यावरून वेग वाढवायचा की कमी करायचा ते कळतं.

रीळाचा ब्रेक सैल ठेवा. दोरी तीन किलो ताकदीची असेल तर एक किलोच्या आतच ती सुटायला लागली पाहिजे. मासा लागल्यावर झटका मारायची गरज नसते. कयाकच्या गतीनंच गळ बसतो.

आपल्या पाण्यात हिशेब वेगळा

हनुवंतिया ज्या इंदिरा सागरच्या काठावर आहे, तो साठवणक्षमतेत देशातला सर्वांत मोठा जलाशय. त्याच्या पाण्याखाली बुडालेली झाडं आहेत आणि मच्छीमारांची जाळीही. लुअर जाळ्यात अडकलं तर ओढू नका. आपलं लुअर काही रुपयांचं, पण जाळं हे त्या घराचं भांडवल असतं. दोरी कापा, लुअर सोडून द्या. तिथला मासेमारीचा हक्क मध्य प्रदेश मत्स्य महासंघाकडे आहे, त्यामुळे आधी परवानगी विचारा. १६ जून ते १५ ऑगस्ट या प्रजननकाळात मध्य प्रदेशात मासेमारीला बंदी असते, हेही ध्यानात ठेवा.

लुअरवर झडप घालणारा आपला मोठा मासा म्हणजे महाशीर. २०११ मध्ये मध्य प्रदेशानं त्याला राज्य मासा केलं. त्याला वाहतं पाणी आणि अंडी घालायला गोट्यांचा तळ लागतो. धरणांनी नर्मदेचं पाणी अडलं आणि तो कमी होत गेला. बडवाह वन विभागात त्याच्या कृत्रिम प्रजननाचे प्रयत्न झाले ते याचमुळे. म्हणून महाशीर लागला तर तो परत सोडायचाच. गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका, हात ओले करून मासा धरा, शक्यतो पाण्यातच ठेवून गळ काढा.

जॅकेट आधी, लुअर नंतर

एवढ्या मोठ्या पाण्यावर दुपारचा वारा लाटा उठवतो. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर परतताना वारा साथ देतो. वल्हं दोरीनं कयाकला बांधा. माशाच्या मागं अंग वळवू नका, त्याला समोरच्या बाजूला येऊ द्या. लाइफ जॅकेट अंगात घाला, कयाकमध्ये ठेवलेलं उपयोगाचं नाही. कयाक शिकायची असेल तर सरावलेल्या माणसासोबत काठाजवळ शिका आणि उलटल्यावर परत चढता येतं का ते आधी करून पाहा.

त्या पोराला मी विचारलं, “जॅकेट घेतलं का?” तो म्हणाला, “काका, मला पोहता येतं.” मी म्हटलं, “पोहता येणारेही बुडतात रे भाऊ.” त्यानं दोरीचं बिल केलं आणि दुकानदाराला विचारलं, लाइफ जॅकेट कुठं मिळेल.