नाक एकाचे, झोप दोघांची

घोरणे हा आपल्याकडे हसण्याचा विषय आहे. लग्नघरात पाहुणे एका खोलीत झोपले की सकाळी कुणाच्या तरी घोरण्याची नक्कल होते आणि सगळे हसतात. पण जिला तो आवाज रोज रात्री उशाशी ऐकावा लागतो, तिला हसू येत नाही. एक-दीडला झोप मोडते. नवऱ्याला कुशीवर वळवावे, तर थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग फजरला उठायचे, मुलांचे डबे करायचे आणि दिवसभर जड डोक्याने वावरायचे. चिडचिड निघते ती मुलांवर. तक्रार केली तर उत्तर ठरलेले: "मला तर काहीच कळत नाही, तू उगाच वाढवून सांगतेस."

तो खोटे बोलत नसतो. झोपलेल्या माणसाला स्वतःचे घोरणे क्वचितच ऐकू येते. म्हणूनच या दुखण्याची खरी साक्षीदार असते शेजारी झोपणारी व्यक्ती. तिची साक्ष भांडणात न वापरता डॉक्टरांपुढे ठेवली, तर निम्मे काम होते.

दिवसा ठीक असलेले नाक रात्रीच का चोंदते? आडवे झाल्यावर नाकातील मऊ भागांत रक्त जास्त साठते, ते फुगतात आणि वाट अरुंद होते. मग माणूस तोंडाने श्वास घेतो, घसा कोरडा पडतो, घोरणे वाढते. हे महिनोन्‌महिने चालत असेल तर त्यामागे कारण असते. सर्वांत जास्त आढळते ती अॅलर्जी: गादी-उशीतील धुळीचे सूक्ष्म किडे, पावसाळ्यात भिंतीवर येणारी बुरशी, मांजराचे केस. काहींच्या नाकाचा मधला पडदा वाकडा असतो. लोक त्यालाच 'हाड वाढले' म्हणतात. काहींच्या नाकात कोंब वाढतात, तर काहींना जुनाट सायनसचा त्रास असतो.

आणखी एक कारण आपल्याच घरात, उशीखाली सापडते. मेडिकलमधून आणलेले नाक मोकळे करणारे थेंब! दोन मिनिटांत आराम पडतो, म्हणून रोजची सवय लागते. पण हे थेंब चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर उलटा परिणाम होतो. औषधाचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदते, पुन्हा थेंब घालावे लागतात. वर्षानुवर्षे या चक्रात अडकलेली माणसे आहेत. ते सोडवायलाही डॉक्टरांची मदत घ्यावी. बामाने गार वाटते, पण नाकाची वाट त्याने रुंद होत नाही.

घरात करण्यासारखे बरेच आहे. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा चांगल्या गरम पाण्यात धुवावेत. गोधड्यांना कडक ऊन दाखवावे. झोपायच्या खोलीत लोबान, अगरबत्ती, डासांची कॉइल आणि सिगारेट यांचा धूर नको. अत्तराच्या उग्र वासानेही काहींचे नाक बंद होते. डोक्याकडची बाजू थोडी उंच ठेवावी, उताणे न झोपता कुशीवर झोपावे.

मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा चांगला उपयोग होतो. अर्धा लिटर पाण्यात एक सपाट चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा पुरे. मात्र पाणी उकळून कोमट केलेलेच हवे. नळाच्या किंवा टाकीच्या पाण्यात क्वचित असा जंतू असतो, की तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचला तर जीव वाचणे कठीण होते. वुझू करतानाही पाणी जोराने वर ओढू नये, हलकेच घ्यावे.

डॉक्टरांनी नाकातला स्टिरॉइड स्प्रे दिला तर नावाला घाबरून तो टाकून देऊ नये. त्याचा गुण लगेच दिसत नाही, काही दिवस ते काही आठवडे लागतात. डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने आणि उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारावा, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर बसत नाही. दिवसातून एकदाच घ्यायचा असेल, तर रमजानमध्ये इफ्तारनंतरची वेळ चालेल का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

पण काही खुणा दिसल्या तर घरगुती उपायांवर थांबू नये. घोरता घोरता श्वास दहा-दहा सेकंद थांबतो आणि मग गुदमरल्यासारखा आवाज करून माणूस दचकतो. सकाळी डोके दुखते. दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागते. हा स्लीप अॅप्निया असू शकतो. त्याने रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. रिक्षा, ट्रक चालवणाऱ्याला तर ती डुलकी जिवावर बेतते. अशा माणसाने स्वतःच्या मनाने झोपेची गोळी घेऊ नये, त्रास वाढतो. रात्रीच्या झोपेची तपासणी होते आणि गरज पडल्यास मास्कमधून हवा देणारे यंत्र मिळते. नाकातून एकाच बाजूने सतत रक्त येत असेल किंवा एकच नाकपुडी कायम बंद असेल, तरीही तपासून घ्यावे.

बायकाही घोरतात. विशेषतः गरोदरपणात नाक चोंदते आणि घोरणे सुरू होते. पण बाईच्या घोरण्याची घरात लाज वाटते, म्हणून ते डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही. इथे नवऱ्याने साक्षीदार व्हायला हवे.

उपचारांचा गुण येईपर्यंत काही रात्री वेगळ्या जागी झोपावे लागले, तर त्यात नात्याचा अपमान नाही. जागा कमी असेल तर कानात बोळे घालता येतात, किंवा ज्याची झोप सावध आहे त्याने तासभर आधी झोपावे. सासू-सासऱ्यांना दोघांनी मिळून कारण सांगून टाकावे, म्हणजे कुजबुज होत नाही.

हे बोलणे रात्री अडीच वाजता काढू नये. सुट्टीच्या दिवशी, चहा घेताना काढावे. "तुमच्यामुळे मला झोप नाही" यापेक्षा "तुमचा श्वास मध्येच थांबतो, मला भीती वाटते" हे वाक्य लवकर पोहोचते. त्यांना विचारून दोन-तीन रात्रींचा आवाज मोबाईलवर टिपावा. केव्हापासून त्रास आहे, कोणते थेंब चालू आहेत, श्वास थांबतो का, हे कागदावर लिहावे. मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे दोघांनी मिळून जावे. आत गेल्यावर पेशंटने आपला दिवस सांगावा, रात्र मात्र जोडीदाराला सांगू द्यावी.