टायर महागले, मग काय बघून घ्यायचे?

पाऊस तोंडावर आलाय. कुरडया-पापड डब्यात गेले, छत्र्या दुरुस्त झाल्या, आता गाडीच्या टायरांकडे बघू. "हा कसला बायकांचा विषय?" अशी कुजबुज आमच्या गटातही झाली. पण लहान गाडीच्या चार टायरांना आज पंधरा-वीस हजार पडतात, ते घरखर्चातूनच निघतात आणि त्याच गाडीत आपली पोरं बसतात. मग आपण नाही बघायचं तर कुणी?

आधी महागाईचं. 2020 च्या टाळेबंदीत गाड्या थांबल्या, कारखाने थांबले, कच्च्या तेलाला कुणी विचारेना. पुढे व्यवहार सुरू झाले, गाड्यांना मागणी आली, आणि मार्च 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर गेलं. तेलाचा टायरशी काय संबंध? टायर म्हणजे नुसता झाडाचा चीक नव्हे. केरळात, आपल्या दोडामार्गाकडेही, रबराच्या झाडांचा चीक काढतात, तो त्यात असतोच. पण जोडीला लागणारं कृत्रिम रबर, टायर काळा आणि टणक करणारी काजळी, नायलॉनचे धागे, हे बहुतेक सगळं तेलापासूनच बनतं. वर पोलादाची तार, आणि त्यावर तेव्हा 28 टक्के जीएसटी होता. परदेशी टायर आणायला जून 2020 मध्ये सरकारी परवाना सक्तीचा झाला, त्यामुळे स्वस्त चिनी मालही कमी झाला. कंपन्यांनी एकदा नव्हे, अनेकदा दर वाढवले ते यामुळे.

तरीही, भाव उतरायची वाट बघत गोटा झालेल्या टायरवर पावसाळा काढा, असं आम्ही सांगणार नाही. टायरवरची नक्षी शोभेची नसते. रस्त्यावरचं पाणी त्या खाचांतून बाहेर फेकलं जातं. खाचाच उरल्या नाहीत तर टायर पाण्यावर तरंगतो, मग ब्रेकही ऐकत नाही आणि स्टिअरिंगही. कारच्या टायरची खाच किमान 1.6 मिलिमीटर खोल हवी, असा कायदा आहे. मोजायला पट्टी नको. टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय अशी इंग्रजी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या रेषेत खाचेत बघा, रबराचा उंचवटा दिसेल. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला. घाटातून जाणं-येणं असेल तर तिथपर्यंतही थांबू नका.

महागाई आली की दोन मोहही येतात. पहिला जुन्या टायरांचा. झिजलेल्या टायरवर तापलेल्या पात्याने नव्या खाचा कापतात, काळं पॉलिश मारतात, आणि तो टायर नव्यासारखा चमकतो. पण ती खाच आतल्या तारांच्या जवळ गेलेली असते. भर रस्त्यात टायर फुटतो तो असा. हा टायर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

दुसरा मोह "ऑफर"चा, आणि तो ओळखणं अवघड, कारण टायर खरंच नवा असतो. आमच्यातल्या एकीची शाळेची व्हॅन आहे. तिला एका दुकानात टायरमागे सहाशे रुपये सूट मिळत होती. तिने कडेचे आकडे वाचले: 1120. म्हणजे 2020 सालच्या अकराव्या आठवड्यात बनलेला, टाळेबंदीभर गोदामात पडून राहिलेला माल. रबर न वापरताही म्हातारं होतं. ती उठून आली. तुम्हीही डीओटी या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. वर्षाच्या आतला असेल तर खुशाल घ्या. आयएसआयचा शिक्काही बघा.

माप जुन्या टायरवरून उतरवून न्या. समजा 165/80 आर 14 आहे; तर 165 ही मिलिमीटरमधली रुंदी, 80 म्हणजे उंची रुंदीच्या 80 टक्के, आणि 14 इंचांची रिम. पुढे 85 एस असं काही असतं, ते वजन आणि वेग पेलण्याची ताकद सांगतं. दुकानदार "थोडं कमीचं चालतं" म्हणाला तर नको म्हणा.

किमतीचा हिशेब साडीसारखा करू नका, किलोमीटरवर करा. समजा साडेतीन हजारांचा टायर पंचवीस हजार किलोमीटर चालला, तर किलोमीटरला 14 पैसे पडले. पाच हजारांचा पंचेचाळीस हजार चालला, तर 11 पैसे. महागडा तो चांगलाच, असं मात्र नाही. आपल्यासारख्याच रस्त्यांवर तीच गाडी चालवणाऱ्या दोघा-तिघांना विचारा.

चारही एकदम झेपत नसतील तर दोन घ्या, पण एकाच कंपनीचे, आणि ते मागे बसवा. पुढे बसवावेत असं सगळ्यांनाच वाटतं. पण ओल्या रस्त्यावर मागची चाकं सरकली की गाडी गरकन फिरते, ती सावरणं कठीण.

घेतल्यावर पंधरा दिवसांनी एकदा, टायर गार असताना हवा तपासा. किती हवी ते बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. नायट्रोजनसाठी जादा पैसे मागतात; साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो, तेव्हा आग्रह धरू नका. अलाइनमेंट मात्र करून घ्याच.

आणि पक्कं बिल मागा. वॉरंटीसाठी ते लागतंच. जुने टायर दुकानातच ठेवून घेणार असतील, तर त्यांचे किती धरले ते त्याच बिलात लिहून घ्या.