१९६५ चे भारत-पाक युद्ध : युद्धोत्पत्तीची मीमांसा

प्रस्तावना :
शेजारी राष्ट्रांमध्ये वाद असणे ही नित्याची बाब आहे, युद्ध ही मात्र अपवादात्मक घटना होय. काश्मीरचा वाद १९४७ पासूनचा आहे. १ जानेवारी १९४९ रोजी युद्धबंदी झाल्यानंतर वाद कायम राहूनही सोळा वर्षे उभय राष्ट्रांत युद्ध झाले नाही. मग ते १९६५ मध्येच का उद्भवले? कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिक्षण घेतलेले यशवंतराव चव्हाण त्या वेळी देशाचे संरक्षणमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीतील या युद्धाच्या आधारे वादाचे रूपांतर युद्धात कसे होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बदलते सत्तासंतुलन :
१९५४ च्या करारानंतर अमेरिकेने पाकिस्तानला पॅटन रणगाडे व सेबर विमाने पुरविली होती. भारत १९६२ च्या पराभवातून सावरत होता. १९६४ मध्ये आखलेल्या पंचवार्षिक संरक्षण योजनेत सव्वाआठ लाखांचे सैन्य व पंचेचाळीस हवाई स्क्वॉड्रन यांचे उद्दिष्ट होते. काळ लोटेल तसे पारडे भारताकडे झुकणार, हे पाकिस्तानी नेतृत्वास दिसत होते. ‘आज नाही तर कधीच नाही’ ही भावना युद्धाला पोषक ठरते.

चुकीची अनुमाने :
एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणात चकमकी झाल्या. ब्रिटनच्या मध्यस्थीने ३० जून रोजी समझोता झाला आणि सीमाप्रश्न लवादाकडे सोपविण्यात आला. तेथील भूप्रदेश भारताला लढण्यास प्रतिकूल होता, त्यामुळे भारताने संयम पाळला. पाकिस्तानने मात्र तो दुबळेपणा मानला. आगळीक चालू राहिल्यास प्रत्युत्तराचे स्वरूप भारतीय सैन्यच ठरवील, असा इशारा पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी २८ एप्रिल रोजी संसदेत दिला होता. तो गांभीर्याने घेतला गेला नाही.

ऑगस्टच्या प्रारंभी ‘ऑपरेशन जिब्राल्टर’ अन्वये सशस्त्र घुसखोर काश्मीरमध्ये पाठविण्यात आले. तेथील जनता उठाव करील, हे पहिले अनुमान होते. उठाव झाला नाही, उलट स्थानिकांनीच घुसखोरांची माहिती दिली. भारत आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडणार नाही, हे दुसरे अनुमानही असेच फोल ठरले.

क्रिया-प्रतिक्रियेची साखळी :
घुसखोरीचा मार्ग रोखण्यासाठी भारताने २८ ऑगस्ट रोजी हाजी पीर खिंड जिंकली. भारताच्या दृष्टीने ही बचावात्मक कारवाई होती, पाकिस्तानच्या दृष्टीने तो आघात होता. १ सप्टेंबर रोजी पाकिस्तानने छांब क्षेत्रात रणगाड्यांसह हल्ला चढविला. अखनूरचा पूल गेला असता तर राजौरी-पूंछकडील सैन्याची रसद तुटली असती. त्याच सायंकाळी चव्हाणांनी वायुदलाच्या वापरास संमती दिली आणि ६ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्याने लाहोर क्षेत्रात सीमा ओलांडली. मर्यादित म्हणून आरंभलेला संघर्ष महिन्याभरात सर्वंकष युद्धाच्या उंबरठ्यावर आला.

फलित :
२३ सप्टेंबर रोजी युद्धबंदी झाली. १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारानुसार दोन्ही सैन्ये ५ ऑगस्टपूर्वीच्या स्थानी परतली, हाजी पीर खिंडही परत करावी लागली. सुमारे तीन हजार भारतीय सैनिकांचे प्राण गेले, पाकिस्तानचीही मोठी हानी झाली, आणि मूळ वाद होता तेथेच राहिला.

निष्कर्ष :
वाद हे युद्धाचे आवश्यक कारण असले तरी पुरेसे कारण नव्हे. निसटत्या संधीची भीती, प्रतिपक्षाच्या निर्धाराविषयीचा गैरसमज आणि प्रत्येक पाऊल मर्यादितच राहील हा भ्रम, या तिहींच्या संयोगातून युद्ध उद्भवते. १९९९ च्या कारगिल संघर्षातही प्रतिपक्षाच्या निर्धाराविषयीचे असेच अनुमान चुकले, आणि तेव्हा दोन्ही राष्ट्रे अण्वस्त्रसज्ज होती. युद्धाचे कारण ‘परंपरागत वैर’ एवढेच वर्गात सांगितल्यास ते अटळ वाटू लागते व निर्णयकर्त्यांची जबाबदारी झाकली जाते. युद्ध माणसांच्या निर्णयांतून घडते, म्हणूनच ते टाळताही येते, हे विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविणे अगत्याचे आहे.