पहिले स्वतंत्र काम : शिकण्याचा खर्च कोणी सोसायचा?

माहिती तंत्रज्ञान क्षेत्राची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने मोठ्या कंपन्या, निर्यात आणि नोकऱ्या यांभोवती फिरते. तथापि, कोणत्याही कंपनीच्या हजेरीपटावर नाव नसलेला, एकेका ग्राहकाचे एकेक काम घेणारा मुक्त व्यावसायिकांचा वर्गही देशात वाढत आहे. नीती आयोगाच्या जून २०२२ मधील अहवालानुसार २०२०-२१ मध्ये भारतात ७७ लाख गिग कामगार होते. २०२९-३० पर्यंत ही संख्या २.३५ कोटी होईल, असा अंदाज त्यात वर्तविला आहे. त्या वेळच्या एकूण गिग कामांपैकी सुमारे ४७ टक्के मध्यम कौशल्याची, २२ टक्के उच्च कौशल्याची आणि ३१ टक्के अल्प कौशल्याची होती. संकेतस्थळ तयार करून देणे हे अशा कुशल कामांचे परिचित उदाहरण होय. पहिले काम स्वीकारताना त्यासाठी लागणारी साधने अनेकदा अपरिचित असतात. अशा वेळी शिकण्याचा खर्च कोण सोसतो, हा अर्थशास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचा प्रश्न आहे.

एक उदाहरण

समजा, नागपूरच्या एका पदवीधर युवतीने इंदूरच्या एका हातमाग विक्रेत्याचे संकेतस्थळ ३०,००० रुपयांत करून देण्याचे मान्य केले. तिला एचटीएमएल येते. ग्राहकाला मात्र वर्डप्रेसवर चालणारे, हिंदी व इंग्रजीत असलेले आणि ऑनलाइन पैसे स्वीकारणारे संकेतस्थळ हवे आहे. तिचा अंदाज १०० तासांचा, म्हणजे ताशी ३०० रुपयांचा होता. प्रत्यक्षात साधने शिकण्यात ७० तास आणि ग्राहकाने मागाहून सुचविलेल्या बदलांत ३० तास गेले. डोमेन नाव व होस्टिंगचे ४,००० रुपयेही तिनेच भरले. हाती उरलेले २६,००० रुपये २०० तासांत विभागले, तर ताशी मोबदला १३० रुपये पडतो.

वर्डप्रेस ही २००३ पासून उपलब्ध असलेली मुक्तस्रोत प्रणाली आहे. तिच्यासाठी परवाना शुल्क द्यावे लागत नाही. साधन विनामूल्य असले, तरी ते आत्मसात करण्याचा वेळ विनामूल्य नसतो, हे मात्र हिशेबातून निसटते.

दोन प्रकारचे शिक्षण

गॅरी बेकर यांनी १९६४ मधील ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात प्रशिक्षणाचे सर्वसाधारण आणि विशिष्ट असे दोन प्रकार केले. सर्वसाधारण कौशल्य कोठेही उपयोगी पडते, म्हणून त्याचा खर्च शिकणाऱ्याने सोसणे तर्कसंगत ठरते. विशिष्ट कौशल्य एकाच आस्थापनेच्या उपयोगाचे असल्याने त्याच्या खर्चात त्या आस्थापनेचाही वाटा असतो. हाच निकष येथे लावता येईल. वरील ७० तासांपैकी वर्डप्रेस शिकण्याचे ५० तास ही युवतीची स्वतःची गुंतवणूक आहे. केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या ‘करता करता शिकणे’ या संकल्पनेनुसार तिचा परतावा पुढील कामांतून मिळेल. उरलेले २० तास त्या विक्रेत्याची मालनोंद व देयकपद्धती समजून घेण्याचे आहेत. ते ग्राहकाच्या देयकात यावयास हवेत.

त्यानुसार १२० तासांचे ३६,००० रुपये, बदलांच्या ३० तासांचे ९,००० रुपये आणि होस्टिंगचे ४,००० रुपये, असा एकूण ४९,००० रुपयांचा हिशेब होतो. स्वतःच्या गुंतवणुकीचे ५० तास धरूनही तिला ताशी २२५ रुपये पडतात.

अज्ञान दोन्ही बाजूंचे

जॉर्ज ॲकरलॉफ यांच्या १९७० मधील प्रसिद्ध निबंधात विक्रेत्याला वस्तूचा दर्जा ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. पहिल्या कामात मात्र आपल्याला किती वेळ लागेल, हे विक्रेत्यालाही माहीत नसते. फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये मोजता येणारी जोखीम आणि मोजता न येणारी अनिश्चितता यांत भेद केला. येथील स्थिती दुसऱ्या प्रकारची आहे. म्हणून संपूर्ण कामाचा एकच दर आरंभी सांगणे धोक्याचे ठरते. एक पृष्ठ आणि एक चाचणी-व्यवहार एवढाच पहिला टप्पा ठरवून त्याचे पैसे घ्यावेत व त्या अनुभवावरून पुढील टप्प्याचा दर सांगावा. कोणते साधन नवे आहे, हे ग्राहकाला आधीच सांगणे प्रामाणिकपणाचे तर आहेच, शिवाय व्यवहारालाही धरून आहे.

कायद्याची चौकट

भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार तोंडी करारही वैध असू शकतो. परंतु वाद उद्भवल्यास लेखी मजकूरच उपयोगी पडतो. कामाची व्याप्ती, बदलांचा दर व पैसे देण्याची मुदत त्यात नमूद असावी. प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये संगणकीय आज्ञावली ही साहित्यकृती मानली जाते. रचनाकार नोकरीत नसेल, तर लेखी हस्तांतरण होईपर्यंत तिचा प्रताधिकार सर्वसाधारणपणे त्याच्याकडेच राहतो.

काम सुरू करण्यापूर्वी ‘उद्यम’ नोंदणी केल्यास सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ चे संरक्षण मिळते. त्यानुसार पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय ठरते. सेवांसाठी वस्तू व सेवा कराच्या नोंदणीची मर्यादा सर्वसाधारणपणे वार्षिक २० लाख रुपये उलाढालीची आहे. केवळ परराज्यातील ग्राहकाला सेवा दिली, म्हणून त्या मर्यादेखाली नोंदणी बंधनकारक होत नाही.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात पारंपरिक मालक-नोकर संबंधांबाहेर काम करणाऱ्या गिग कामगाराची व्याख्या असून, समूहकांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदान देण्याची तरतूद आहे. परंतु ग्राहकाशी थेट करार करणाऱ्या युवतीच्या व्यवहारात समूहकच नसतो. आजारपण व वृद्धापकाळ यांची तजवीज तिला आपल्या ताशी दरातूनच करावी लागते.

समारोप

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ मध्ये प्रशिक्षण देणारा मालक गृहीत धरलेला आहे. मुक्त व्यावसायिक मात्र स्वतःच मालक, स्वतःच उमेदवार आणि स्वतःच शिक्षक असतो. पहिल्या कामातील तोटा हा आपल्या अपात्रतेचा पुरावा समजून अनेक होतकरू तरुण हे क्षेत्र सोडू शकतात. वस्तुतः तो तोटा बहुतांशी चुकीच्या हिशेबाचा असतो. म्हणून कौशल्य शिक्षणात तंत्राबरोबरच अंदाज, दर आणि करार यांचे शिक्षणही समाविष्ट होणे अगत्याचे आहे.